अर्ध्या तासाचे बाकडे

मी एक जुने लोखंडी बाकडे आहे. लस टोचण्याच्या खोलीबाहेर माझी जागा. टोचून झाले की लोकांनी अर्धा तास माझ्यावर बसायचे, असा नियम आहे. मित्रांनो, माझ्याकडे कोणी हौसेने येत नाही. माझ्या वाट्याला येतात ती रडकी पोरे आणि कावलेले आईबाप.

वेल्डरने मला घडवले तेव्हा माझा हिरवा रंग चकाकत होता. आता पोपडे निघालेत, एक पाय लंगडतो.

एका बाईंना तर मी डोळ्यांसमोर नकोसे झाले होते. त्यांच्या थोरल्या मुलीला लस दिली, त्या दिवशी फार गर्दी होती. सिस्टर म्हणाल्या, "काही होत नाही, न्या घरी." बाई दारापर्यंत पोहोचतात तोच पोरीचे ओठ सुजले, श्वास अडकला. तिला माझ्यावरच आडवे केले. डॉक्टरांनी धावत येऊन इंजेक्शन दिले, म्हणून ती वाचली.

धाकटा झाला, पण बाई फिरकल्या नाहीत. मग त्यांच्या गल्लीत गोवर आला. शेजारचे बाळ दवाखान्यात पडले, तेव्हा नणंदेने त्यांना ओढतच आणले.

"काही झालं तर तुम्ही जबाबदार, वन्सं."

"बरं, मी जबाबदार. आणि गोवर झाला तर कोण?"

सिस्टर बाहेर आल्या. बाई फणकारल्या, "आता म्हणा, काही होत नाही."

"नाही म्हणणार. ताप येईल कदाचित, पुरळही येईल. मुलीला झालं तसं फार क्वचित होतं, पण होतं. बहिणीला झालं म्हणून भावाला होईलच असं नाही. डॉक्टर इथेच आहेत, औषध तयार आहे. गोवर मात्र तुमच्या दारात आलाय."

"हे तेव्हा सांगायला काय झालं होतं?"

"सांगायला हवं होतं."

लस टोचली. नणंदेकडे पाठ करून बाई माझ्या टोकाला बसल्या. बाळ रडून झोपी गेले. अर्ध्या तासाने सिस्टर म्हणाल्या, "आता न्या."

"तुमच्या शब्दावर मी उठणार नाही."

दवाखाना बंद होईपर्यंत त्या बसून राहिल्या. सिस्टरही थांबल्या. पुढच्या डोसला बाई बाळाला घेऊन एकट्याच आल्या. सिस्टरशी मात्र अवाक्षर बोलल्या नाहीत.

मित्रांनो, लस जरूर घ्या. आधी मनातले सगळे विचारा, उत्तर मिळेपर्यंत विचारा. आणि टोचल्यावर पळू नका. हवे तर रागावून बसा, पण बसा.