सोमाचं अकरा पिढ्यांचं पोलाद

"सायेब, तुमाला पटायचं नाय," सोमा म्हणाला, "पन या कोयत्यानं बारवीचं पानी कापलं, तर मिनीटभर सांधत नाय."

ज्यांच्यापुढे ही थाप सोडली, ते डॉ. हरिचंद्र माणसांचे नव्हे, धातूंचे डॉक्टर. राहायचे अंबरनाथ पूर्वेला. एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत लोखंडाचे नखाएवढे तुकडे आरशासारखे घासायचे, आम्लात बुचकळायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघत बसायचे. सत्त्याऐंशी साली बारवी धरणावर सहलीला आले, फांदी तोडायला कोणाचा तरी कोयता मागितला, आणि त्याची धार बघून थेट सोमाच्या भट्टीवर येऊन धडकले.

आता सोमाचं पोलाद कुठून येतं, हे पाड्यावर कोंबड्यांनाही ठाऊक होतं. उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून. ट्रकच्या चाकांवर धक्के खायला जे कमानीचे पाटे असतात, ते मोडले की किलोवर मिळत. सोमा तेच तापवून ठोकायचा. पण डॉक्टरांनी तसं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "ही विद्या तुमच्याकडे किती पिढ्यांची?" अशा प्रश्नावर भंगाराचं नाव काढणं म्हणजे पाहुण्याच्या ताटातली पोळी उचलण्यासारखं.

"अकरा," सोमा म्हणाला.

एवढ्यावर थांबला असता, पण डॉक्टर जाता जाता बोलून गेले की संशोधन मान्य झालं तर भट्टीला काय हवं ते सरकारकडून मिळेल. सोमाला हवा होता ब्लोअर, विजेवर वारा घालणारा. त्याची बायको गयाबाई सोळा वर्षं भाता ओढत होती. उजवा खांदा असा गेला होता की डोक्यावर पदर घ्यायलाही डावा हात लागे. ब्लोअरचं नाव निघालं आणि सोमाची जीभ सैल झाली.

डॉक्टरांच्या तपासणीत पोलादात सिलिकॉन निघालं. "हे कुठून?" "भाताच्या तुसाची राख घालतो ना, सायेब." मँगनीज निघालं. "धरनाच्या गाळातलं." प्रत्येक थापेवर डॉक्टरांनी एकेक निबंध छापला. एका कोयत्यावर मूळ पाट्याचा कारखान्यात ठोकलेला नंबर तसाच राहिला होता, ती पूर्वजांची सांकेतिक खूण ठरली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी सुयांसारख्या रेषांची जाळी कारखान्यातल्या पोलादाशी तंतोतंत जुळली, तेव्हा तर डॉक्टर फोटो घेऊन भट्टीवर धावत आले. "बघा! जे कारखान्यांना आज कळतंय, ते आपल्याकडे आधीच होतं!"

शेजारचा रघू म्हणाला, "सोमा, उद्या त्यांच्या दुर्बिणीत टायर दिसला तर काय सांगशील?"

"रबराच्या झाडाचा चीक."

शेवटच्या फेरीत डॉक्टरांनी विचारलं, पोलादाचे कण इतके बारीक कसे? सोमाकडचा थापांचा माल संपला होता. समोर गयाबाई भाता ओढत होती. "ते हिच्या हाताचं हाय, सायेब. हिचा वारा लागला की लोखंड शानं होतं." बायकोचं नाव घातलं तर ब्लोअर लवकर येईल, असा त्याचा हिशोब.

मग संशोधन तपासायला मुंबईहून सरकारी समितीचे तीन साहेब जीपने आले. डॉक्टरांनी कणांचा हा एवढा मोठा फोटो आंब्याला टांगला, गयाबाईला शाल घातली आणि भाता ओढायला बसवली.

"या कणांचा बारीकपणा या माउलीच्या हातातून येतो," डॉक्टर म्हणाले. "म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. या भट्टीत यंत्र येता कामा नये. ब्लोअर आला की अकरा पिढ्यांचं ज्ञान मेलं!"

साहेबांनी माना डोलावल्या. एकाने तसं लिहूनही घेतलं.

सोमाच्या तोंडचं पाणी पळालं. "सायेब, पंख्यानंबी जमंल... थोडं थोडं..."

"सोमा, विनय पुरे!"

भात्याचा आवाज थांबला. गयाबाई उठली, डाव्या हाताने शाल ओढून काढली आणि डॉक्टरांच्या अंगावर टाकली.

"तुमीच घ्या ही, आनि बसा भाता ओढत! अकरा पिढ्या कुठल्या? ह्यांचा बाप धरनावर घमेली वाहायचा, भट्टी माझ्या बापाची! ट्रकचा पाटा हाय तो, सायेब, उल्हासनगरच्या भंगारातला. हा मानूस दोन वर्सं तुमच्याशी धडधडीत खोटं बोलतोय!"