दोन फेरे खाली

पैलवान चाकाला लटकला होता, आणि चाक जागचं हलत नव्हतं. पाटाचं लोखंडी दार तसंच खाली. आठ दिवसांनी पाण्याची पाळी आलेली, खाली मक्यानं माना टाकलेल्या, आणि अख्खं गाव पाटावर उभं.

भांडण सकाळचंच. आमच्या भाऊजींची कंबर गेली, म्हणून त्यांनी पाटकऱ्याचं काम सोडलं. पाणी समितीनं ते पैलवानाला द्यायचं ठरवलं. पैलवान म्हणजे समितीचे अध्यक्ष तात्या, त्यांचा पुतण्या. घरचंच कार्य की हो! बायांनी समितीच्या खोलीबाहेर उभं राहून ऐकायचं, ही आमच्याकडची रीत. भाऊजींची बायको, माझी धाकटी जाऊ, मात्र सरळ आत शिरली. म्हणाली, दोन वर्षं दार मीच उघडतेय, हे नुसते शेजारी बसून असायचे, तेव्हा काम मला द्या. खोलीत हशा पिकला. तात्या म्हणाले, चाक फिरवणं म्हणजे पीठ मळणं नव्हे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं यांच्या शेतात पाणी काय आभाळातून पडत होतं?

धाकटी माझ्यासारखी तोंडाळ नाही. ती म्हणाली, "मग चला पाटावर. जो दार उघडेल त्याचं काम."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? तात्यांनी कबूल केलं.

पैलवान घामाघूम झाला, लालबुंद झाला आणि शेवटी चाकात घालायला पहार मागायला लागला. तेव्हा धाकटी पुढं झाली. पहारीनं आटे गेले तर महिनाभर पाणी विसरा, म्हणाली. बाह्या सारून तिनं चाक धरलं आणि उलटं फिरवलं. लोक हसले, बाई दार लावायला निघाली म्हणून.

"बाजूच्या खाचेत गाळ धरतो," ती म्हणाली. "म्हणून मी दार कधी पुरतं टेकवत नाही, दोन फेरे राखते. आधी खाली दाबायचं. गाळ सुटला की वर."

दोन फेरे खाली गेले. मग चाक कुरकुरलं, दार उचललं आणि पाणी धडधडत पाटात उतरलं. हसणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

तात्यांनी वही उघडली. काम तू कर, म्हणाले, नाव नवऱ्याचंच राहू दे, घरातल्या घरात काय फरक पडतो? वर मान हलवून आमच्याकडं पाहिलं, जणू उपकारच केले.

धाकटीनं चाक पुन्हा धरलं आणि दार खाली घ्यायला लागली. तात्यांचं शेत पाटाच्या पार टोकाला. तिथवर पाण्याचा थेंब पोचला नव्हता.

"अगं, हे काय?" तात्या म्हणाले.

"ज्याचं नाव, तो येऊन उघडेल."

पाटातलं पाणी बघता बघता करंगळीएवढं झालं. तात्यांनी भाऊजींचं नाव खोडलं, लेखणी टेकवली आणि तिथंच अडले. बारा वर्षं ती या गावात नांदतेय, पण पाटकऱ्याची बायको याखेरीज तिला काय म्हणतात, ते त्यांना ठाऊक नव्हतं. बाजूच्या बाप्यांना विचारलं, तर ते एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी तिलाच विचारावं लागलं.

तिनं नाव सांगितलं. नीट लिहिलंय का, ते वाकून वाचलं. मगच चाकाला हात घातला.