अभ्र्यावरचं बी

यंत्राचं दार उघडलं आणि वाफेकाकांना आधी वास आला. ओल्या मातीचा, तापलेल्या कापडाचा, आणि त्यात मिसळलेला तिसराच एक. त्यांनी एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. टोमॅटो शिजत ठेवल्यावर घरात पसरतो तो वास होता.

आत मातीचा डबा होता, दोन कुंड्या होत्या आणि सगळ्यांत वर उशीच्या जुन्या अभ्र्याचा घडी केलेला तुकडा. गेल्या वर्षी त्या तुकड्यावर त्यांच्या बायकोने टोमॅटोचं बी पसरून वाळवलं होतं, आणि मग थोड्याच दिवसांत ती गेली. तिचं हे बी बाजारात मिळत नव्हतं, दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. आणि या शहाण्या गृहस्थांनी ते स्वतःच्या हाताने उकडून काढलं होतं.

"मेलो," ते म्हणाले. आसपास ऐकायला कोणी नव्हतं हे एक बरं होतं.

त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं रुग्णालयात कोणी उरलं नव्हतं. ऑपरेशनची हत्यारं, हिरवी कापडं, कापसाचे बोळे, सगळं त्यांच्या खोलीत येई आणि वाफेतून निर्जंतुक होऊन बाहेर पडे. उभी हयात त्यातच गेली, म्हणून वाफेकाका. नवी नर्स आली की ते तिला यंत्रापाशी नेत, दारावर थाप मारत आणि ठरलेलं वाक्य टाकत, "पोरी, माझ्या पेटीतून जिवंत काही बाहेर येत नाही." पोरी हसत, आणि काका दिवसभर खुशीत असत. आज तेच वाक्य त्यांच्या मानगुटीवर बसलं.

बायकोचं टोमॅटोचं वेड घरात सगळ्यांना पाठ होतं. वेलीवरचं सगळ्यांत देखणं फळ ती कुणाला खाऊ द्यायची नाही. ते पार मऊ पडेपर्यंत राखायचं, त्याचा गर पेल्यात घालून घाण वास मारेपर्यंत खिडकीत ठेवायचा, मग धुऊन बी कापडावर बोटाने ओळीत लावायचं. वाळलं की ते कापडाला चिकटून बसे. पुढच्या वर्षी कापडाची पट्टी फाडायची आणि पट्टीसकट मातीत पुरायची. फळं दिसायला बेढब, देठापाशी हिरवीच राहणारी, पण मीठ लावून खायला घेतली की ताटातलं बाकी सगळं तसंच राही. काकांचं काम एवढंच, की खायचं आणि खुर्चीत बसून सल्ले द्यायचे. पाणी कमी पडतंय बघ, असं ते न बघताच म्हणत. ती म्हणे, तुम्ही तुमचे चिमटे सांभाळा.

ती गेली तेव्हा त्यांची लेक रडली नाही. आली, सगळं केलं, परत गेली. नंतर फोनवर हवापाण्याच्या गोष्टी करायची, पण आईचा विषय निघाला की कुकर लावायचाय म्हणून फोन ठेवायची. काकांना ते खुपायचं, पण विचारायचं कसं हे त्यांना कळत नव्हतं. आणि अचानक यंदा तिनेच फोन केला. नव्या घराला गॅलरी मिळाली होती, चांगलं ऊन येत होतं. ती म्हणाली, "बाबा, आईचं बी लावाल का? रोपं झाली की न्यायला येईन." वर्षभरात पहिल्यांदा तिच्या तोंडून 'आई' हा शब्द निघाला होता. काकांना रात्रभर झोप लागली नाही.

त्यांनी निम्मं कापड लावलं. उगवलं झकास. काका सकाळी पाणी घालत, कामावरून आले की घालत, झोपायच्या आधीही एकदा घालत. मग एका सकाळी बघतात तर सगळी रोपं मातीवर आडवी. मुळाशी देठ दोऱ्यासारखे बारीक झालेले. कुणी म्हणालं असतं, अहो, पाण्याने बुडवलीत. पण विचारणार कुणाला? काकांनी स्वतःच निदान केलं, जंतू. आणि जंतू म्हटलं की त्यांचं डोकं एकाच दिशेने धावायचं.

मागच्या खोलीत जुनं यंत्र होतं, हत्यारांसाठी वापरणं बंद केलेलं, फरशी पुसायची फडकी उकडायला ठेवलेलं. ड्यूटी संपल्यावर त्यांनी त्यात माती ठेवली, कुंड्या ठेवल्या. दार लावायच्या आधी हातातल्या कापडाकडे पाहिलं. निर्जंतुक केलेल्या वस्तूला बिनउकडलेली वस्तू लावायची नाही, या एका नियमापायी त्यांनी आयुष्यभर किती जणांशी भांडण घेतलं होतं. मग बी तरी तसंच कसं लावायचं? हात सवयीने पुढे झाला, कापड वर ठेवून मोकळा झाला. डोकं मागाहून आलं, ते थेट वासाबरोबर.

तरीही त्यांनी त्यातली एक पट्टी पुरली. वेडी आशा. रोज सकाळी उठल्या उठल्या आधी खिडकी. माती जशीच्या तशी, काळी आणि गप्प. संध्याकाळी फोन वाजायचा. लेक विचारायची, आली का वर? येताहेत, येताहेत, काका सांगायचे. तिने पानं किती ते विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, दोन-चार आहेत. पुढच्या रविवारी ती येणार होती.

वॉर्डातली जुनी सिस्टर त्यांना ओळखून होती. तिने त्यांचं उतरलेलं तोंड पाहिलं आणि खोदून खोदून सगळं काढून घेतलं. आधी ती पोट धरून हसली, मग त्यांच्या डोळ्यांकडे बघून तिने हसू आवरलं. "नर्सरीतून रोपं आणा आणि लावा कुंडीत," ती म्हणाली. "टोमॅटोच्या पानावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं."

काकांनी तेच केलं. नर्सरीतली रोपं आणून बायकोच्या कुंड्यांत लावली. बायको रोपांच्या आधाराला जुने चमचे खोचायची, तेही खोचले. मग लांब उभं राहून बघितलं. कुणीही फसलं असतं. त्यांना स्वतःची शिसारी आली, पण चमचे त्यांनी काढले नाहीत.

रविवारी लेक आली ती बूट न काढता सरळ खिडकीशी. काका दारातच राहिले, हातात तिची पिशवी. तिने एक पान दोन बोटांत धरून हळूच चोळलं आणि बोटं नाकाशी नेली.

"आईच्या हाताला असाच वास यायचा," ती म्हणाली.

सुटलो, असं काकांच्या मनात आलं. लगेच दुसरं आलं, हा वास कुठल्याही टोमॅटोच्या पानाला येतो. जेवताना लेक आईबद्दल बोलत होती, इतकं की काका बघतच राहिले. आई कुंड्यांशी कशी पुटपुटायची, मांजराला कशी हाकलायची. मध्येच ती हसली. हेच तर हवं होतं त्यांना, वर्षभर. आता एक शब्द बोललं की सगळं विस्कटणार. नाही बोललं तर तिच्या गॅलरीत आई म्हणून भलतंच काहीतरी वाढणार, आणि दर वर्षी फोन करून ती त्याची खुशाली सांगणार.

निघायची वेळ झाली. तिने रोपं खोक्यात नीट बसवली, खोकं उचललं, दाराशी गेली. रुग्णालयातल्या त्यांच्या खोलीत एक रिवाज होता. हत्यारांच्या गाठोड्यावरच्या चिकटपट्टीच्या रेषा वाफ लागून काळ्या झालेल्या नसल्या, म्हणजे ते निर्जंतुक झाल्याची खूण नसली, तर बाहेर डॉक्टर कितीही ओरडोत, ते गाठोडं दाराबाहेर जात नसे.

"थांब, माऊ," काका म्हणाले. "ही आईची नाहीत."

ती वळली.

"आईचं बी मी मारलं. निम्मं पाण्याने मेलं, निम्मं मी वाफेत घातलं. ही नर्सरीतली आहेत."

तिने खोकं खाली ठेवलं. "फोनवर पानं सांगत होतात."

"खोटं बोलत होतो."

"मग आज तरी कशाला सांगितलंत?" तिचा आवाज चढला. "गेले असते घेऊन. मला कळलंसुद्धा नसतं."

"तुला नसतं कळलं," काका म्हणाले.

तिने भिंतीला पाठ टेकली, आणि मग ती रडायला लागली. आईच्या वेळी राहून गेलेलं सगळं रडणं त्या दारात बाहेर आलं. काकांना वाटलं, जवळ जावं, डोक्यावर हात ठेवावा. पण ज्या हाताने ते बी मारलं होतं तो पुढे करायची त्यांना लाज वाटली. शेवटी तिनेच नाक पुसत विचारलं, काहीच उरलं नाही का.

काकांनी कपाटातून वाफेतल्या कापडाची उरलेली पट्टी आणून दिली. फिकट निळ्या फुलांचं कापड. लेकीने ते ओळखलं, तिच्याच लहानपणच्या उशीचा अभ्रा. त्यावर बियांच्या ओळी होत्या, जरा वाकड्या, आईने बोटाने लावलेल्या. ती एका ओळीवरून सावकाश बोट फिरवत राहिली.

"हे मी नेते."

"अगं, त्यातून काही उगवायचं नाही."

"माहितीये," ती म्हणाली. मग पायाशी ठेवलेल्या खोक्याकडे बघून म्हणाली, "आणि हीसुद्धा नेते. ह्यांनी काय बिघडवलंय कुणाचं?"

ती पट्टी पर्समध्ये टाकणार, तेवढ्यात काकांनी हात पुढे केला. "अशी नको नेऊस."

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. धुतलेलं पांढरं फडकं टेबलावर पसरलं, मधोमध पट्टी ठेवली आणि एकेक कोपरा आत दुमडत आणला, उघडणाऱ्याला आतल्या वस्तूला हात न लावता उघडता यावं अशा बेताने. त्यावर दुसरं फडकं, तशाच घड्या. घरात साधीच चिकटपट्टी होती, ती लावली. मग सवयीने पेन घेतलं. त्यांच्या प्रत्येक गाठोड्यावर दोन तारखा असत. वाफ दिली ती एक, आणि कधीपर्यंत चालेल ती दुसरी. पहिली त्यांनी ठळक अक्षरात घातली. दुसरीपाशी पेन थांबलं. लेक दारात खोकं घेऊन वाट बघत होती. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, ती जागा तशीच कोरी ठेवली आणि गाठोडं तिच्या हातात दिलं.