झुंबरबाईंच्या नातवाचं वजन

मी वजनकाटा बोलतोय. शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका मुलांच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीबाहेर असतो. आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर विश्वास नाही. आठ वर्षांत माणसांनी तो ठेवूच दिला नाही. कुणी बाळाबरोबर खुळखुळा ठेवतं, कुणी ओला लंगोट. अहो, माझ्या आकड्यावरून भुलीचं औषध मोजतात! इवल्याशा जिवाला थेंबभर जास्त झालं तरी श्वास मंदावतो.

त्या सकाळी सुरगाण्याहून झुंबरबाई आल्या. कडेवर नातू मयूर, चार महिन्यांचा, वरचा ओठ दुभंगलेला. दूध पाजलं की अर्धं गळ्यावर सांडायचं. पाच किलो भरल्याशिवाय ऑपरेशन नाही, म्हणून दोनदा परत पाठवलेलं.

"आजी, दुपटं काढा," ललिता सिस्टर म्हणाली.

"नको गं बाई, आता कुठं निजलाय. गारठंल."

सिस्टर विरघळली. पाच किलो शंभर! मी चक्रावलोच. पंधरा दिवसांपूर्वी हाच पोरगा चार किलो शंभर होता. आणि गाल तर तसेच बसलेले! पायाकडं काहीतरी जड लागत होतं. पण मला तोंड कुठंय? आकडा कागदावर चढला नि माझा जीव टांगणीला लागला.

मग भूल देणाऱ्या तेजस्विनी डॉक्टर आल्या. माझ्यासारख्याच संशयी. त्यांनी कागद वाचला, बाळाचे दंड चाचपले.

"पुन्हा करा. उघडं."

दुपटं सुटलं, तशी आत बांधलेली नागलीच्या दाण्यांची पुरचुंडी धपकन माझ्यावर पडली. ती उचलली. चार किलो दोनशे.

"आजी, त्या वजनाचं औषध दिलं असतं तर पोर कदाचित उठलंच नसतं!" डॉक्टरांनी पुरचुंडी त्यांच्यापुढं धरली.

झुंबरबाईंनी पोराला पुन्हा दुपट्यात घेतलं. "दोनदा माघारी धाडलं, बाई. वाटलं, आकडा भरला की ओठ शिवतील. औषिद त्याच्यावर मापत्यात, ते मला नाय ठावं."

मला संताप आला होता, खोटं कशाला बोलू? पण पाच किलो कशासाठी, त्याहून हलक्या जिवाला भूल झेपत नाही, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

बाळाला ठेवून घेतलं. वाटी-चमच्यानं दूध पाजणं चालू आहे. आई सविता पाजते, आजी रोज सकाळी माझ्याकडं आणते. तीन आठवड्यांत चार किलो सातशेवर आलाय, अजून तीनशे ग्रॅम हवेत.

आकडा सांगणाऱ्यांनो, बाळाच्या माणसांना कारणही सांगत जा.

आज झुंबरबाईंनी पोराला स्वतःच उघडं केलं, कमरेचा करगोटासुद्धा सोडला. मग चार पावलं मागं सरकून दोन्ही तळवे मला दाखवले.

"बघ रं बाबा. आता खरं काय ते सांग."