मागच्या सीटवर

"तात्यासाहेब, तुम्ही आपले गाडीतच बसा. त्या पायऱ्या बघितल्यात ना? राजाला पालखी होती म्हणून त्याने बांधल्या. आपल्याला कुठली पालखी?"

व्याही बोलले आणि स्वतःच हसले. आपल्या विनोदाला पहिलं हसायचं काम ते दुसऱ्यावर कधी टाकत नसत. विहीणबाई, सून आणि मुलगा खाली उतरले. टेकडीवरच्या राजवाड्याच्या पायऱ्या खरोखरच जीव घेणाऱ्या होत्या, आणि तात्यांचा गुडघा कालपासून बोलत होता.

"बसतो मी," तात्या म्हणाले. "सावकाश या. घाई करू नका."

परदेशातली ही सहल मुलाने ठरवली होती. दोन्ही घरांनी एकत्र जायचं, आणि फिरायला मोठी गाडी ड्रायव्हरसकट घ्यायची. गटाबरोबर बसने जायचा विषय निघाला तेव्हा व्याही म्हणाले होते, "शाळेची सहल आहे का, मागून बाई मोजत येतील?" ते बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते आणि तो हुद्दा घरी येताना सोबत घेऊन आले होते.

तात्यांनी उभी नोकरी एका सरकारी कार्यालयात ड्रायव्हर म्हणून काढली. साहेब बदलत गेले, गाड्या बदलत गेल्या, तात्या तेच राहिले. इतक्या वर्षांत गाडीला साधा नखाएवढा ओरखडा आला नाही. बाकीचे ड्रायव्हर चिडवायचे, "तात्या गाडी चालवत नाही, तात्या गाडी पोसतो." मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हा व्याह्यांनी विचारलं, वडील कशात होते? मुलगा म्हणाला, मोठ्या साहेबांच्या ऑफिसात. तसं खोटं काहीच नव्हतं. साहेब मोठे होते, ऑफिसही होतं, फक्त तात्या त्याच्या बाहेर झाडाखाली उभे असत. लग्नाआधी सांगायचं राहिलं आणि लग्नानंतर सांगायला तोंड राहिलं नाही. सुनेला माहीत होतं. तीही गप्प राहिली, कारण तिला आपले वडील माहीत होते. तेव्हापासून व्याह्यांनी तात्यांचे 'तात्यासाहेब' करून टाकले, आणि तात्या त्या नावाला ओ देऊ लागले.

ड्रायव्हर खाली उभा राहून काच पुसत होता. बुटका, गोल चेहऱ्याचा, पन्नाशीतला माणूस. त्याची भाषा यांना येत नव्हती आणि यांची त्याला. 'येस सर' आणि 'सॉरी सर' एवढ्यावर दोन्हीकडचा कारभार चालला होता. सकाळपासून व्याह्यांनी त्याला तीन ठिकाणी उभं केलं होतं आणि एकदाही मोकळं सोडलं नव्हतं. तात्यांना ते समजत होतं. ड्रायव्हर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायला लागला की त्याला काय हवं असतं, हे कुणी सांगावं लागत नाही.

तात्यांनी काच खाली केली. हाताने घास तोंडाकडे नेल्याची खूण केली, मग करंगळी दाखवली, मग लांब बोट केलं. जा, जाऊन ये. ड्रायव्हर मान हलवायला लागला. पायऱ्यांकडे दाखवून म्हणाला, "सर... बॉस..."

"अरे जा रे बाबा! त्यांना उशीर आहे," तात्या मराठीतच म्हणाले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग धरून फिरवलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मीसुद्धा. तुझ्यासारखाच.

ड्रायव्हरचं तोंड उघडं राहिलं. मग तो इतका मोकळा हसला की तात्यांनाही हसू आलं. खिडकीतून हात घालून त्याने तात्यांचा हात घट्ट धरला आणि त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. आत थंड राहावं म्हणून इंजिन चालू ठेवून तो उतारावरून झपाझप निघून गेला. या सहलीत तात्या पहिल्यांदाच कुणाशी तरी खरं बोलले होते.

थोड्या वेळाने शिट्टी वाजली. गाड्या लावून घेणारा माणूस खिडकीवर टकटक करत होता. मागे पर्यटकांची मोठी बस अडकली होती आणि हा हातवारे करून सांगत होता, गाडी पुढे घ्या. तात्यांनी हात हलवून ड्रायव्हर नाही असं सांगून पाहिलं. शिट्टी पुन्हा वाजली. बसने हॉर्न दिला. आणि हॉर्नला तात्यांचं अंग आपोआप उठलं. ते उतरले, पुढे गेले, सीट मागे सरकवली आणि बसले. गाडीत बसून जागा न देणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

इथे स्टिअरिंग घरच्यापेक्षा उलट्या बाजूला. हे त्यांच्या डोक्याला माहीत होतं, हातांना माहीत नव्हतं. ते गाडी बरोब्बर आपल्या सवयीच्या अंतराने घेत गेले, आणि जी बाजू ते आयुष्यभर स्वतः बसून सांभाळत आले होते ती आता लांब पलीकडे होती. कडेला दगडी खांब होता. कर्र असा आवाज आला. लांबलचक.

तात्यांनी गाडी पुढे लावली आणि उतरून पाहिलं. मागच्या दारावर हातभर ओरखडा, आणि पत्रा आत दबलेला. पहिली लाज वाटली ती निव्वळ कसबाची. उभ्या नोकरीत जे झालं नाही ते निवृत्तीनंतर, चार पावलांवर गाडी नेताना झालं होतं. ते मुकाट्याने मागे जाऊन बसले. ड्रायव्हर आला की आधी त्यालाच सांगायचं, त्यांनी ठरवलं.

पण आधी आले ते घरचे. विहीणबाईंना उन्हाने चक्कर आल्यासारखं झालं होतं, म्हणून सगळे अर्ध्यातून परतले होते.

"हा कुठाय?" व्याह्यांनी रिकाम्या सीटकडे पाहिलं. "बघा! मी काय म्हणत होतो? ड्रायव्हर कुठल्याही देशातला घ्या, जमात एकच. नजर हटली की पसार!" मग ते वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि तिथून ओरडले, "अहो, हे काय! गाडी ठोकलीय त्याने! तात्यासाहेब, हे कधी झालं?"

सगळे तात्यांकडे पाहत होते. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मी हलवली. तुम्ही? तुम्ही कशी हलवलीत? आणि मग सगळंच. व्याह्यांची 'जमात' अजून हवेतच होती. तात्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा ओरखड्याकडे बघत होता.

"मला... डोळा लागला होता," तात्या म्हणाले.

व्याह्यांचा आवाज चढत गेला. मुलगा पाण्याची बाटली काढायला पुढचं दार उघडून आत वाकला. तेवढ्यात ड्रायव्हर चढावरून येताना दिसला. त्याच्या हातात झाकण लावलेले चहाचे दोन पेले होते. दोन का, ते एकट्या तात्यांना कळलं.

त्याने गाडीची जागा पाहिली, ओरखडा पाहिला आणि मग तात्यांकडे पाहिलं. अगदी क्षणभर. गाडी सोडून जाणं आणि किल्ली प्रवाशापाशी ठेवणं, दोन्ही त्याच्या कंपनीच्या नियमाबाहेर असणार. तात्यांच्याही कार्यालयात तोच नियम होता. त्याने दोन्ही पेले कठड्यावर ठेवले आणि मान खाली घातली.

"सॉरी सर. माय मिस्टेक, सर."

"मिस्टेक? उद्या घाटात करशील मिस्टेक, मग आम्ही कुणाला विचारायचं?" व्याह्यांनी तिथूनच कंपनीला फोन लावला. आज हॉटेलवर सोडू दे, उद्या दुसरा माणूस पाठवा. हा नको. गाडी निघाली तेव्हा पेले तिथेच राहिले होते.

संध्याकाळी मुलगा तात्यांच्या खोलीत मलम घेऊन आला आणि पायाशी बसून गुडघा चोळू लागला. लहानपणापासून मायाळू पोर.

"काळजी करू नका," मुलगा हलक्या आवाजात म्हणाला. "सीट पार शेवटच्या खाचेपर्यंत मागे गेली होती. मी पुढे करून ठेवली. हिच्या पप्पांच्या लक्षात आलं नाही."

तात्यांनी पाय आखडून घेतला. "म्हणजे तुला तेव्हाच कळलं?"

"एवढे लांब पाय दुसऱ्या कुणाचे आहेत?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

मुलाने मलमाचं झाकण लावलं. "त्याला दुसरी गाडी देतील हो. आपले राहिलेत किती दिवस? उगाच आता सगळं कशाला उकरायचं?"

तो गेल्यावर तात्या तसेच बसून राहिले. लहान असताना सुट्टीच्या दिवशी हा पोरगा गाडी धुवायला यायचा. कधी साहेबांना सोडायला जाताना पुढे शेजारी बसायचा. तेव्हा तात्यांनीच त्याला शिकवलं होतं, मागे काय चाललंय ते ऐकायचं नाही, पाहिलेलं बोलायचं नाही, साहेब म्हणतील ते खरं. पोरगा हुशार होता. एकदा सांगितलेलं विसरायचा नाही. त्या संध्याकाळी तात्यांना स्वतःची जितकी शरम वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सकाळी नाश्त्याच्या टेबलावर सगळे बसले होते. तात्यांनी पेला खाली ठेवला.

"मला एक सांगायचंय. काल गाडी मी हलवली. ओरखडा माझ्या हातून पडला. त्याला मीच पाठवलं होतं, जेवून ये म्हणून. मी ड्रायव्हर होतो. साहेबांची गाडी चालवायचो. उभी नोकरी तेच केलं."

व्याह्यांचा चमचा थांबला. त्यांनी तात्यांकडे टक लावून पाहिलं आणि मग खो खो हसायला लागले.

"वा, तात्यासाहेब, वा! त्या माणसाची नोकरी जाऊ नये म्हणून आळ स्वतःवर घेताय? आणि वर ड्रायव्हर! अहो, काल तुमचा डोळा लागला होता ना?" ते मुलाकडे वळले. "काय हो जावईबापू?"

सून ताटलीत पाहत राहिली. मुलाने पावाच्या तुकड्यावर लोणी लावलं, मग आणखी लावलं.

"तात्यांना कुणाचं वाईट झालेलं बघवत नाही," तो म्हणाला. "पहिल्यापासून असेच आहेत."

तात्यांना अजून बोलता आलं असतं. व्यावसायिक ड्रायव्हरचा जुना परवाना पाकिटात होता. तो काढून टेबलावर ठेवायचा, की झालं. हात पाकिटापर्यंत गेलाही. पण परवाना टेबलावर आला की मुलगा सगळ्यांदेखत खोटा पडत होता. तात्यांनी पाकीट चाचपलं आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला.

"मन असावं तर असं," विहीणबाई म्हणाल्या.

व्याही एकदम उदार झाले. त्यांनी कंपनीला फोन लावला आणि ऐटीत सांगितलं, आमच्यातल्या वडीलधाऱ्या माणसाची इच्छा आहे, कालच्या माणसाला माफ करा, त्यालाच पाठवा.

ड्रायव्हर आला. गाडी धुतलेली होती, ओरखडा जास्तच उठून दिसत होता. व्याह्यांनी त्याला बोटाने खुणावून तात्यांपुढे आणलं. "थँक्यू म्हण यांना. सेव्ह्ड यू. धिस सर."

ड्रायव्हर तात्यांसमोर उभा राहिला. रात्री झोपला नसावा. तो कमरेत वाकला.

"थँक्यू, सर," तो म्हणाला.

तात्या मागच्या सीटवर जाऊन बसले. दार लावायला ड्रायव्हर वाकला तेव्हा ते अगदी हळू म्हणाले, "मला माफ कर बाबा. चूक माझी होती."

"सर?" ड्रायव्हर दार धरून अदबीने थांबला. काय हवंय ते त्याला कळलं नव्हतं. शेजारी मुलगा खिडकीबाहेर बघत बसला होता. तात्यांनी ओठ हलवले, पण दुसऱ्यांदा त्यांना म्हणता आलं नाही.

पुढून व्याह्यांनी "चला, चला" केलं. ड्रायव्हरने तात्यांच्या सदऱ्याचं बाहेर आलेलं टोक आत सारलं आणि दार हळूच लावून घेतलं.