सोमवारी बंद पडणारी गाडी

जुनी आहे मी, भंगार नाही. हे आधीच सांगून टाकते, मित्रांनो, कारण आमच्या गल्लीत या दोन शब्दांत कुणी फरक करत नाही. सात माणसं ऐसपैस बसतील अशी उंच, पांढरी, डिझेलची गाडी आहे मी. नंबराची पाटी कलबुर्गीची आणि मुक्काम हळ्ळीखेडचा.

माझा पहिला मालक कलबुर्गीतला एक कंत्राटदार. त्याला दिव्यांचा आणि भोंग्यांचा भारी शौक. नवी कोरी होते तेव्हाच त्यानं मला पुढे जादा दिवे आणि आत कर्कश हॉर्न बसवून घेतला. वायरी जोडणाऱ्यानं बोनेटखालची फ्यूजची डबी उघडली, त्यात वायरी कोंबल्या, झाकणाची खिटी मोडली आणि "बसतंय की" म्हणत झाकण नुसतं टेकवून ठेवलं. मालकाला हॉर्न ऐकू आला, तो खूश. मग मला खडीच्या, मुरमाच्या रस्त्यांवर पिदडलं. काम केलं मी, कुरकुर केली नाही. पुढे त्यानं नवी गाडी घेतली आणि मला गोदामामागं उभं केलं. माझ्या चाकांखाली गवत उगवलं.

तिथून मला बाहेर काढलं भाग्यलक्ष्मीनं. हळ्ळीखेडची सून. बीदरजवळच्या कोळारच्या एका गोदामात माल भरायच्या कामाला ती आणि गावातल्या बाया रोज जात. बस मिळाली तर मिळाली, नाहीतर रोजगार बुडाला. भावाच्या टेम्पोवर ती गाडी शिकली होती. तिनं ठरवलं, आपणच गाडी घ्यायची आणि बायांना आपणच न्यायचं-आणायचं. गोदामानंही बायांना आणायच्या फेरीचं काम तिलाच दिलं. गल्ली हसली. "बाई गाडी चालवणार म्हणं!" हसू दे की! सकाळी त्याच गल्लीतल्या बाया माझ्यात बसायला धावत यायच्या.

आता तिच्या सासऱ्यांचं सांगते. अंबाजी त्यांचं नाव. आयुष्य मेंढरांमागं गेलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा कळप विकला आणि शेती धरली. मी घरी आले त्या दिवशी त्यांनी माझ्या चाकापुढं नारळ फोडला. मग दर रविवारी, त्यांच्या कुलदैवताचा, मैलारच्या मल्लण्णाचा वार म्हणून, ते मला धुवायचे. बोनेट उघडायचे, तांब्याभर पाणी ओतायचे, मूठभर भंडारा उधळायचे आणि "येळकोट येळकोट" म्हणायचे.

"मेंढराच्या कपाळाला लावतो, तसं हिच्या काळजाला लावायलोय," असं ते शेजाऱ्यांना सांगायचे.

खरं सांगू? मला फार बरं वाटायचं. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. पण म्हातारबुवा ज्याला काळीज समजत होते, ती माझी फ्यूजची डबी होती. झाकण सैल. आत पाणी आणि हळद यांचा चिखल व्हायचा.

मग सोमवार उजाडायचा. भाग्यलक्ष्मी चावी फिरवायची आणि मी नुसती "टक" करायचे. कधी हॉर्न आपोआप वाजायचा. कधी कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागायचे. गल्ली गोळा व्हायची.

"गाडीच्या अंगात आलंय!"

अंगात कशाला येतंय? पाणी आलंय अंगात, पाणी! पण माझं ऐकतो कोण? मला लिंबू-मिरची बांधली. एकीनं तर माझ्यावरून मीठ ओवाळून टाकलं. दुपारपर्यंत उन्हानं मी थोडी वाळायचे, ढकलून सुरू व्हायचे आणि मंगळवारी नौबादला राजपालच्या गॅरेजात पोचेपर्यंत ठणठणीत असायचे.

"काईच न्हाई अक्का, मस्त चालायलीय," राजपाल म्हणायचा. मग काहीतरी केलं पाहिजे म्हणून त्यानं बॅटरी बदलली. त्या बिचारीनं काय घोडं मारलं होतं? दुसऱ्यांदा त्यानं स्टार्टर खोलला, पुसला आणि परत बसवला.

दुसरं दुखणं पुढच्या डाव्या चाकाचं. खड्डा आला की खड-खड. राजपालनं मागचे शॉकअप बदलले. मागचे! दुखतोय गुडघा आणि मलम चोळतोय पाठीला. आवाज होता तसाच राहिला आणि बाया म्हणायला लागल्या, "भाग्याक्का, चाक निघून जाईल बघ एक दिवस."

सोमवारी उशीर, पुन्हा सोमवारी उशीर. गोदामातला मुकादम सुनीलकुमार माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वर उत्तर द्यावं लागत होतं. त्यानं सांगितलं, "वैनी, येत्या सोमवारी येळेवर आलात तर आलात. न्हाई तर दुसरी गाडी लावतो."

घरी अंबाजी म्हणाले, "हिचा पायगुण चांगला न्हाई. भंगारात घाल." गल्लीनं तेवढंच उचललं. गाडीचा पायगुण म्हणता म्हणता चार दिवसांत सुनेचा पायगुण म्हणायला लागले. मित्रांनो, मला इतका संताप आला! मला काय वाटेल ते बोला. पण जी बाई पहाटे उठून भाकरी थापते, माझ्यात हवा-पाणी बघते आणि बाया भरून कोळार गाठते, तिला अपशकुनी म्हणता? जीभ कशी उचलते तुमची?

शनिवारी संध्याकाळी परतताना भाग्यलक्ष्मीनं मला बायांसकट राजपालच्या दारात उभं केलं.

"अण्णा, आज मी सांगते तसं करायचं," ती म्हणाली. "राजूबाई, समद्या उतरा. दोघी इकडं, दोघी तिकडं. गाडी दाबा अन् सोडा."

राजूबाई सगळ्यांत वडील, अंगानं भक्कम. तिनं पदर खोचला. बाया मला खाली दाबायच्या, सोडायच्या, आणि मी झुलायचे. भाग्यलक्ष्मीनं चाकामागं हात घालून एकेक जोड चाचपला.

"इथं! ह्या दांडीत. हाताला ठोका लागायलाय."

राजपालनं हात घातला. पुढच्या चाकाजवळच्या लहान दांडीचं रबर झिजून नाहीसं झालं होतं. लोखंडावर लोखंड आपटत होतं. "व्हय की वो, अक्का," तो म्हणाला आणि दांडी बदलायला बसला. शेवटी कुणीतरी माझ्या गुडघ्याला हात लावला! हायसं वाटलं मला.

"आता हिचं बोनेट उघडा," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "अन् जिथं कुणी बघितलं न्हाई तिथं बघा."

राजपालनं फ्यूजच्या डबीला बोट लावलं. झाकण सहज हातात आलं. आत पिवळा थर, वाळून कडक झालेला. रिलेच्या, म्हणजे वीज सोडणाऱ्या खटक्याच्या, पायांना हिरवट गंज. राजपालनं एकदा आत बघितलं, हात कपाळाला लावला आणि पुटपुटला, "वायरिंग जुनी झालीय."

राजूबाईनं डोकावलं. "अगं बाई, भंडारा!" तिनं हात जोडले. मागच्या बायांनीही जोडले. मित्रांनो, माझ्या फ्यूजच्या डबीपुढं सगळ्या जणी डोळे मिटून उभ्या! हसावं की रडावं मला कळेना. देवाचं नाव आल्यावर बोट कोण दाखवणार? राजपालला खरं दिसलं होतं, पण त्यानं ते वायरिंगवर ढकललं होतं.

भाग्यलक्ष्मीनं हात जोडले नाहीत. ती म्हणाली, "मामा भंडारा कवा टाकतात? रविवारी. गाडी कवा बंद पडती?"

राजूबाईचे जोडलेले हात हळूच खाली आले.

"मी काई म्हणलो न्हाई हं अक्का," राजपाल घाईघाईनं म्हणाला. "तुमीच म्हणालात."

"व्हय. मीच म्हणायले."

भंडारा खाली सांडू नये म्हणून तिनं तो स्वतः ब्रशनं कागदावर काढून घेतला. राजपालनं गंज खरवडला, रिले बदलला, जुन्या हॉर्नच्या लोंबत्या वायरी उपटून टाकल्या आणि झाकणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली.

रविवारी अंबाजी तांब्या आणि भंडाऱ्याची पिशवी घेऊन आले. भाग्यलक्ष्मी माझ्यापुढं उभी होती.

"बाजूला सर, पोरी."

"न्हाई मामा. बोनेट उघडू देणार न्हाई."

"कामून?"

"पाणी अन् भंडारा आतल्या डबीत जातोय. म्हणून सोमवारी बंद पडायलीय."

दारादारांतून डोकी बाहेर आली. अंबाजींचा आवाज चढला. "मल्लण्णानं गाडी बिघडवली म्हणायलीस?"

"मल्लण्णानं न्हाई मामा. तुमी."

या घरात सून सासऱ्याला असं कधी बोलली नव्हती. अंबाजींनी तांब्या खाली ठेवला आणि भंडाऱ्याची पिशवी पुढं धरली.

"ह्याच भंडाऱ्यानं माझी मेंढरं राखली जलमभर!"

"मेंढराच्या कपाळाला लावत होता तुमी. त्याच्या नाकाकानात कोंबत नव्हता." ती बोनेटपुढून हलली नाही. "लावायचाच तर मला लावा. गाडी मी चालवते."

अंबाजींनी पिशवीची दोरी आवळली. "उद्या चालू न्हाई झाली तर भंगारवाल्याला बोलावतो. अन् पुन्हा कोळारचं नाव काढायचं न्हाई."

"चालंल," ती म्हणाली.

भ्याले मी, मित्रांनो. का खोटं बोलू? माझ्या पोटात अजून कुठं काय सैल असेल ते मला तरी काय ठाऊक? चावी फिरवून मी सुरू झाले नाही तर भंगारात जाणार होते, आणि ती चुलीपुढं.

सोमवारी सकाळी बाया डबे घेऊन उभ्या होत्या. गल्ली नेहमीपेक्षा जास्त भरली होती, तमाशा बघायला. भाग्यलक्ष्मी बसली आणि तिनं चावी फिरवली.

एका दमात सुरू झाले मी! हॉर्न वाजला नाही, वायपर फिरले नाहीत. बाया भराभर चढल्या. गल्लीतल्या उतारावरचा खड्डा मी निमूट ओलांडला, एक खड नाही. कुठंय तुमचा पायगुण? या ना पुढं, बोला ना आता!

म्हणून सांगते, मित्रांनो. वस्तू बिघडली तर ती कधी बिघडते, कुठं बिघडते, ते बघा. हात घालून बघा. नशीब, नजर, पायगुण यांच्यावर ढकललं की बघायचं राहून जातं आणि शिव्या भलत्यालाच बसतात. माया करायची तर करा, पण आधी विचारा, दुखतंय कुठं.

गल्लीच्या तोंडाशी अंबाजी रस्ता अडवून उभे होते. भाग्यलक्ष्मीनं ब्रेक लावला.

"खाली उतर," ते म्हणाले.

ती उतरली. मला चालूच ठेवलं होतं तिनं, मी धडधडत होते. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, चिमूट घेतली आणि सगळ्या गल्लीसमोर सुनेच्या कपाळभर भंडारा लावला. त्यांचा अंगठा तिथंच जरा थांबला.

"माझं चुकलं, पोरी," ते म्हणाले आणि रस्त्यातून बाजूला झाले.