दोन फुटांचा चेहरा

मिळवायचं होतं ते एवढंच: दोन फुटांच्या फ्रेममध्ये आईचा चेहरा. तो मिळाला तर मुलीने फोटोसाठी मोकळी केलेली भिंत रिकामी राहणार नव्हती, आणि शार्पसाहेबांना मुलीच्या नजरेला नजर देता येणार होती. बायकोला जाऊन नऊ दिवस झाले होते. रविवारी नातेवाईक भेटायला यायचे होते.

शार्पसाहेब हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. फोटो पडद्यावर मोठा करून पापण्या मोजता आल्याशिवाय हा गृहस्थ स्टुडिओतल्या स्टुलावरून कुणाला उठू देत नसे.

"हा घ्या." मुलीने फोन पुढे केला. "गच्चीवर काढलेला. किती छान हसलीय."

त्यांनी फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि मोठा करत नेला. फोनवर हसणारी बाई विरघळू लागली. डोळ्यांच्या जागी दोन करडे डाग उरले, गालाची कड केसांत मिसळली.

"हा मोठा होणार नाही."

"बाबा, पन्नास मेगापिक्सेलचा फोन आहे."

"विकणारा ठिपके मोजतो. उजेड कोण मोजणार? यातला उजेड टिपणारा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. त्यावर पाच कोटी ठिपके दाटीवाटीने बसवलेत. संध्याकाळची वेळ, एकेकाच्या वाट्याला उजेड येऊन येऊन किती येणार? वर लेन्स मसुराएवढी, प्लास्टिकची, आणि तिच्यावर तुझ्या बोटाचं तेल. जे तेव्हा आत गेलंच नाही, ते मी आता कुठून काढू?"

शिकवायची संधी या माणसाने नवव्या दिवशीही सोडली नाही. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग तुमच्या कॅमेऱ्यातला द्या. त्याचा सेन्सर मोठा आहे ना? लेन्स काचेची आहे ना?"

शार्पसाहेबांनी फोनची काच रुमालाने पुसली आणि तो तिला परत दिला.

त्या लेन्ससमोर सर्वांत जास्त वेळा कोण बसलं असेल, तर बायको. गिऱ्हाईक केस विंचरेपर्यंत ते तिला स्वयंपाकघरातून हाक मारत, स्टुलावर बसवत, दिवे लावत, फोकस तपासत. "हनुवटी वर. डावीकडे. झालं, ऊठ." मग ते सहा-सात फोटो लगेच पुसून टाकत. दुसऱ्याच्या फोटोंत आपली बायको कशाला? सव्वीस वर्षांच्या प्रत्येक फोल्डरमधले फोटोंचे आकडे सातापासून नाहीतर आठापासून सुरू होत होते. त्यांनी चार दिवस सगळे उघडून पाहिले. एकच सापडला, चुकून राहिलेला. त्यात फोकस मागच्या पडद्यावर बसला होता. कापडाचा धागा न् धागा वेगळा दिसत होता, आणि पुढे निळ्या स्वेटरमधलं धुकं.

"लोकांना तर करून देता की," मुलगी म्हणाली. "त्या शिवणवाल्या बाईंच्या नवऱ्याचा केलात. ओळखपत्रावरून."

"तिचा नवरा कसा दिसायचा ते मला माहीत नव्हतं. म्हणून जमलं."

"आता माझ्यासाठी जमवा."

त्यांनी जमवलं. लाखो परके चेहरे पाहून शिकलेल्या प्रोग्रॅमने रिकाम्या जागा भरल्या. पापण्या उगवल्या, एकेक मोजून घ्यावी अशा. बायकोची डावी पापणी जराशी उतरलेली असे, ती सरळ झाली. ओठाजवळची घडी गेली. त्यांनी हाताने पापणी खाली ओढून पाहिली, तर बाई झोपाळू दिसू लागली. थोडी वर घेतली, मग आणखी थोडी. नेमकी किती उतरलेली असायची, हे त्यांना सांगता येईना. सव्वीस वर्षं त्यांनी त्या डोळ्यांत फोकस बसला की नाही, एवढंच पाहिलं होतं. शेवटी त्यांनी पापणी होती तशी सरळ ठेवली.

प्रिंट हातात घेऊन मुलगी खाली बसली.

"हीच," ती म्हणाली. "अश्शीच दिसायची ना?"

"हो," शार्पसाहेब म्हणाले.

रविवारी सगळ्यांनी फोटोची तारीफ केली. मुलीला आई मिळाली, पाहुण्यांना स्वच्छ चेहरा मिळाला, भिंतीचीही सोय झाली. किंमत एकट्या शार्पसाहेबांनी मोजली. दोन महिन्यांत अशी वेळ आली की डोळे मिटून बायकोला आठवायला गेले, तरी फ्रेममधलीच बाई येई, आणि ती कोण, हे विचारायला घरात कुणी उरलं नव्हतं; मुलीला तर तीच आई वाटत होती.